उंबर फोडल्यावर

(घोटी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्या गुरुजींच्या विद्यार्थ्यांनी मला येताना गाडीतच बजावले की गुरुजींना स्वतःची स्तुती ऐकवत नसे, विषयाला धरून बोललेले आवडे. तेव्हा विषयाकडेच येतो. वनस्पती आणि प्राणी यांनी लाखो वर्षे एकमेकांना कसे घडवले, हा तो विषय. शास्त्रात याला सहउत्क्रांती म्हणतात. एकाच्या अंगात बदल झाला की दुसऱ्याला बदलावे लागते, आणि दुसरा बदलला की पुन्हा पहिल्यावर पाळी येते.

शाळेत आपण शिकलो ते असे: फूल मधमाशीला मकरंद देते, मधमाशी फुलाचे पराग नेते, दोघांचे भले होते. पुस्तकातल्या चित्रातली मधमाशी बहुधा हसत असते. यात चूक काही नाही, पण यातून असा समज होतो की निसर्गात सगळे गुण्यागोविंदाने चालले आहे. घोटी बाजारपेठेचे गाव आहे, त्यामुळे पुढचे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. बाजारात दोघांचे भले होते ते दोघेही आपापले बघतात म्हणून. माल हातात घेऊन पाहिला जातो, काट्यावर नजर असते, आणि एकदा फसवले त्याची उधारी बंद होते. झाडे आणि प्राणी यांच्यातला व्यवहारही असाच तपासणीवर आणि शिक्षेवर टिकलेला आहे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात उंबरापासून करू. इथून जवळच, ब्रह्मगिरीवर औदुंबराच्या मुळाशी गोदावरी उगम पावते अशी आपली श्रद्धा आहे. दत्ताच्या देवळापुढे औदुंबर असतोच. या झाडाला कुऱ्हाड लावायला आपल्याकडे माणूस सहसा धजत नाही, त्यामुळे ओढ्याकाठी, विहिरीपाशी, बांधावर म्हातारी उंबरे अजून दिसतात. जुनी माणसे म्हणत, उंबर फोडून केंबरे उडवू नयेत. नसत्या चौकशा करू नयेत, हा त्याचा अर्थ. आज मात्र उंबर फोडायचेच आहे.

ज्याला आपण उंबर म्हणतो ते कच्चे असताना फळ नसते. ती एक बंद पिशवी असते आणि तिच्या आतल्या भिंतीला हजारो बारीक फुले चिकटलेली असतात. उंबराचे फूल कुणी पाहिले नाही असे आपण म्हणतो, कारण ती बाहेर कधी येतच नाहीत. या पिशवीला टोकाशी एक बारीक तोंड असते, तेही खवल्यांनी दाटलेले. त्या वाटेने आत जाऊ शकेल असा एकच कीटक आहे: जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची गांधीलमाशीच्या कुळातली एक माशी. तिचे शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. आपले केंबरे ते हेच.

उंबर कोवळे असताना ठराविक वास सोडते. त्या वासाने मादी येते आणि खवल्यांमधून डोके घालून आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात, मिशांची टोके मोडतात. म्हणजे परत निघण्याचा प्रश्न नाही. तिच्या छातीवर दोन खाचा असतात, खिशांसारख्या, आणि त्यांत ती जिथे जन्मली त्या उंबरातले पराग भरून आणलेले असतात. आत गेल्यावर ती पुढच्या पायांनी हे पराग काढून फुलांवर ठेवते. पराग अंगाला चुकून लागले आणि चुकून पडले, असा हा प्रकार नाही. ती हे काम मुद्दाम करते. त्याच वेळी ती काही फुलांच्या बीजांडांत अंडी घालते. अंडी घातलेल्या फुलांत तिची पिल्ले वाढतात, उरलेल्यांत बी तयार होते. मग ती तिथेच मरते.

काही आठवड्यांनी नव्या पिढीतले नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. अजून आपापल्या कोषात असलेल्या माद्यांशी ते मीलन करतात, उंबराच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि मरतात. जगात त्यांचे एवढेच काम. माद्या निघतात, वाटेत नुकत्याच उमललेल्या नर फुलांचे पराग खिशात भरतात आणि त्या बोगद्यातून उडून जातात. त्यांच्या हातात एखाददोन दिवस असतात. तेवढ्यात दुसरे कोवळे उंबर सापडले नाही तर वंश बुडाला.

आता यातला पेच पाहा. सगळ्या फुलांत अंडी घातली तर माशीची पिल्ले वाढतील, पण झाडाला बी मिळणार नाही. माशीने परागांचे ओझे वाहण्याची तसदीच घेतली नाही आणि नुसती अंडी घातली तर तिचे काय बिघडणार? पुढच्या पिढीतल्या चलाख माश्या हेच करतील, असे वाटते. २०१० साली पनामातल्या वडा-उंबरांच्या भाईबंदांवर शार्लोट यांडेर आणि ॲलन हेर यांनी नेमका हा प्रयोग करून पाहिला. काही माश्यांना त्यांनी परागाविना फळांत सोडले. ज्या जातींत माशी मुद्दाम पराग टाकते, त्या झाडांनी अशी बिनपरागाची फळे अर्ध्या वाटेवर गाळून टाकली, किंवा त्यांत पिल्ले फार थोडी निपजली. फळ गळाले की आतली सगळी पिल्ले मेली. आणि ज्या जातींत पराग आपोआप अंगाला लागतात, फसवायला वावच नाही, त्या झाडांत ही शिक्षा आढळली नाही. इतका नेमका हिशेब झाडाला डोके नसताना जमतो. ज्या झाडांनी कामचुकार माश्या पोसल्या त्यांना बी कमी आले, त्यांचा वंश मागे पडला, आणि हिशेब ठेवणारी झाडे उरली. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच.

पण चोर संपत नाहीत. तुम्ही पिकलेले उंबर फोडता तेव्हा त्यातून उडणारी सगळी केंबरे प्रामाणिक नसतात. काही जातींच्या माश्या तोंडातून आत जाण्याच्या भानगडीत पडत नाहीत. त्या बाहेर बसून केसासारखी लांब नळी उंबराच्या भिंतीतून आत घालतात आणि अंडी देतात. काही माश्यांची पिल्ले आतल्या पिल्लांवरच जगतात. उंबराची भिंत जाड आणि चिवट असते, म्हणून ती भेदणारी नळीही तशीच घडली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवले की अशा एका माशीच्या नळीच्या टोकाला बारीक दाते असतात आणि त्या टोकात जस्त असते. धातूचे टोक असलेली सुई! याच संस्थेत रेनी बॉर्जेस यांनी उंबराचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांच्या चमूला आढळले की पाने शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्याही उंबराच्या आणि माश्यांच्या वासावर लक्ष ठेवून असतात आणि शिकारीला नेमक्या वेळी हजर होतात. दीड इंचाच्या उंबरात आणि त्याच्या सालीवर किती जण एकमेकांच्या पाळतीवर आहेत, याची मोजदाद करता करता माणसांची हयात गेली आहे.

एक गोष्ट घोटीच्या दृष्टीने महत्त्वाची. एका झाडावरची उंबरे साधारण एकदमच तयार होतात. म्हणजे माद्या बाहेर पडतात तेव्हा त्याच झाडावर कोवळी उंबरे बहुधा नसतात. त्यांना दुसरे झाड लागते, आणि ते नेमके त्या आठवड्यात कोवळ्या उंबरांवर आलेले लागते. म्हणून माशी जगायची तर परिसरात पुष्कळ उंबरे हवीत, प्रत्येकाची वेळ वेगळी. आणि तशी ती असल्यामुळेच वर्षाच्या कुठल्याही महिन्यात कुठे ना कुठे उंबर पिकलेले सापडते. ऐन उन्हाळ्यात, रानात खायला काही नसते तेव्हा, वटवाघळे, माकडे, उदमांजरे, हरियाल, बुलबुल सगळी त्यावर येतात. पारावरचा एक औदुंबर पुजायचा आणि शिवारातली बाकीची रस्त्यासाठी, प्लॉटसाठी जाऊ द्यायची, याने झाड वाचल्यासारखे दिसते, पण माशी वाचत नाही. थोडा दिलासाही आहे. नामिबियाच्या वाळवंटात, उंबराच्याच जवळच्या एका जातीचे पराग माश्यांनी वाऱ्यावर स्वार होऊन १६० किलोमीटरपर्यंत नेल्याचे २००९ साली सिद्ध झाले. पण दिलाशावर किती झाडे तोडायची, याचे गणित कुणी मांडलेले नाही.

मादागास्करच्या ऑर्किडची आणि डार्विनच्या भाकिताची गोष्ट इथल्या शिक्षक मंडळींनी नक्की ऐकलेली असेल, म्हणून ती मी सोडतो. आपल्या सह्याद्रीत त्याहून नवलाचे आहे आणि त्याकडे आपले कमी लक्ष जाते.

खरपुडी घ्या, म्हणजे कंदीलपुष्प. पावसाळ्यात गडांच्या उतारांवर, गवतात हे नाजूक वेल आणि रोपे उगवतात. गुराखी पोरे कंद उकरून खातात, रानडुकरेही खातात. यातल्या कित्येक जाती फक्त सह्याद्रीत आहेत आणि दुर्मीळ आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव यांनी त्यांच्या अभ्यासाला आणि जतनाला आयुष्य दिले. हे फूल उभट नळीचे असते. बारीक माश्या वासाने आत शिरतात. नळीत खालच्या दिशेने वळलेले केस असतात, त्यामुळे आत जाता येते, वर येता येत नाही. कैदेत धडपडताना परागांचा जुडगा माशीच्या तोंडाला अडकतो. पुढे केस सुकतात, फूल कलते आणि माशी सुटते. सुटून ती काय करते? दुसऱ्या कंदीलपुष्पात शिरते. या सगळ्यात तिला मिळाले काय, तर फारसे काहीच नाही.

हा उघड उघड फसवणुकीचा धंदा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंदीलपुष्पाने तर कहर केला आहे. काही माश्या अशा असतात की कोळ्याने मधमाशी पकडली की तिच्या अंगातून झिरपणारा रस त्या पिऊन घेतात. पकडलेली मधमाशी घाबरून जो वास सोडते, तो या माश्यांना जेवणाचे आमंत्रण असतो. ते फूल मरणाऱ्या मधमाशीचा हाच वास हुबेहूब काढते. २०१६ साली हे प्रसिद्ध झाले. मग फसवणुकीला शिक्षा का नाही? मला याचे उत्तर दुर्मीळतेत दिसते. खरपुडी विरळ उगवते. माशीच्या आयुष्यात तिची एकदोनदाच गाठ पडते. खऱ्या मेजवान्या मात्र रोजच्या असतात, म्हणून त्या वासावर विश्वास ठेवणे माशीला एकंदरीत परवडते. खरपुडी जर गवताइतकी माजली असती तर माश्या केव्हाच शहाण्या झाल्या असत्या.

आता थोडे दक्षिणेला, भीमाशंकरला जाऊ. शेकरूचे ते अभयारण्य. रेनी बॉर्जेस यांनी सुरुवातीला तिथे शेकरूचाच अभ्यास केला होता. त्या जंगलात वारस नावाचे झाड आहे, पांढऱ्या फुलांचे. त्याची फुले रात्री उमलतात. रात्री उमलणारे पांढरे फूल म्हटले की पतंग किंवा वटवाघूळ, असे पाठ्यपुस्तक सांगते. हेमा सोमनाथन आणि बॉर्जेस यांनी रात्री जागून पाहिले तर त्यावर येत होता तो भुंगा. लाकडात भोके पाडून राहणारा, घराच्या वाशात घूं घूं करणारा तो सुतारी भुंगाच, पण त्याची रात्री फिरणारी जात. २००१ साली हे छापून आले. पुढे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या एरिक वॉरंट आणि आल्मुट केल्बर यांच्याबरोबर त्यांनी २००८ मध्ये दाखवले की भीमाशंकरचे हे भुंगे नुसत्या चांदण्यांच्या उजेडात रंग ओळखतात. चंद्रही नसताना! त्या उजेडात तुम्हाआम्हाला लाल-हिरवे काही कळत नाही, सगळे करडे दिसते. दिवसा फुलांवर गर्दी असते, मकरंद वाटून घ्यावा लागतो. रात्री दुकान उघडे ठेवणारी झाडे आणि रात्री पाहू शकणारे भुंगे यांनी आपली वेगळी पेठ थाटली. यात पहिले कोण बदलले, झाड की भुंगा, याचे उत्तर शोधायचा हट्ट मी करत नाही. बहुतेक ठिकाणी हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

बांडगुळाबद्दल सांगतो, कारण आंब्यावर बांडगूळ आले की तुम्ही चिडता. सलीम अलींनी १९३१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातल्या बांडगुळावर लेख लिहिला. त्यात सूर्यपक्षी आणि फुलटोचे यांनी हे बांडगूळ कसे वाढवले आणि पसरवले, याची उकल आहे. सूर्यपक्षी लांब नळीच्या फुलांतला मकरंद पितो आणि पराग नेतो. फुलटोचा हा आपल्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी एक. तो फळ अख्खे गिळतो. बी चिकट असते, ते काही मिनिटांत पोटातून बाहेर येते आणि शेपटीखाली चिकटते. ते सोडवायला पक्षी फांदीवर अंग घासतो. बांडगुळाला जमिनीवर पडून उपयोग नाही, त्याला फांदीच हवी, आणि पक्ष्याच्या या अस्वस्थपणातून बी बरोबर फांदीवर पोचते. दोघांचा सौदा पक्का झाला. बिल मात्र आंब्याच्या नावावर फाटते. दोघांच्या भल्याची गोष्ट सांगताना तिसरा कोण, हे विचारायची सवय ठेवावी.

इथपर्यंत देवाणघेवाण झाली. आता वैर.

शनिवारी मारुतीला रुईची माळ घालता, तेव्हा बोटाला पांढरा चीक लागतो. हा चीक विषारी असतो, हृदयावर परिणाम करणारा. गुरे रुईला तोंड लावत नाहीत. पण नारिंगी पंखांच्या, काळ्या-पांढऱ्या कडेच्या एका फुलपाखराच्या अळ्या, इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात, रुईवरच वाढतात. त्या आधी पानाची शीर कुरतडतात, चिकाचा पुरवठा तोडतात आणि मग खातात. इतकेच करून त्या थांबल्या नाहीत. चिकातले विष त्या अंगात साठवतात, आणि फुलपाखरू झाल्यावरही ते कडूच राहते. पक्षी एकदा चावून थुंकतो आणि तो रंग विसरत नाही. म्हणून तोच रंग आणखी एका फुलपाखराच्या मादीने घेतला आहे. तिच्या अळ्या घोळीवर वाढतात, जिची आपण भाजी करतो. घोळीत कसले विष! तरी पक्षी फसतात. १९६४ साली पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी फुलपाखरे आणि त्यांच्या खाद्यवनस्पती यांवर जो लेख लिहिला, तिथून सहउत्क्रांतीच्या अभ्यासाला आजचे रूप आले. वनस्पतींतली अनेक रसायने, औषधे, मसाल्यांचे वास हे किड्यांशी झालेल्या झगड्यातून आले, हा त्यांचा मुद्दा. हळद, मिरी, तंबाखू, सगळी त्या झगड्याची शिल्लक आहे.

हेच वैर तुमच्या भातात रोज चालू असते. इंद्रायणी तुम्ही लावता. १९८७ साली वडगाव मावळच्या केंद्रातून ती आली, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. आयआर ८ फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची, १९६६ची. तिने उत्पादन वाढवले आणि तपकिरी तुडतुड्यांची चंगळही. दाट, बुटके, खताने हिरवेगार भात त्यांना याहून बरे कुठे मिळणार? १९७३ मध्ये त्याच संस्थेने आयआर २६ आणली, तुडतुड्यांना दाद न देणारी. दोनतीन वर्षांत फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात तुडतुडे तिच्यावरही बसू लागले. तुडतुड्यांच्या कोट्यवधी पिल्लांत जी थोडी आधीपासूनच ती जात पचवू शकत होती, तीच उरली आणि तीच वाढली. मग आयआर ३६ आली, वेगळ्या जनुकाची. पुन्हा तेच चक्र.

गादमाशीचेही तसेच. चंदेरी पोंगा ज्याने पाहिला आहे त्याला मी काय सांगणार! लोंबी यायच्या जागी पोकळ, पांढुरकी नळी येते. ती नळी भाताने बनवलेली असते, पण हुकूम अळीचा असतो. अळी भाताच्या वाढीचा ताबा घेऊन स्वतःसाठी घर बांधून घेते. आंध्रात फाल्गुना नावाची प्रतिकारक जात चांगली चालली, आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात श्रीकाकुळमकडे गादमाशीचा असा प्रकार निघाला की फाल्गुनाचे काही चालेना. भारतात या माशीचे सहासात प्रकार नोंदले गेले आहेत, प्रत्येकाच्या वेगळ्या जातींशी कुस्त्या. ‘ही जात रोगकिडीला बळी पडत नाही’ असे बियाण्याच्या पिशवीवर वाचाल तेव्हा मनात ‘सध्या’ हा शब्द घालून वाचा. जाती आलटून पालटून लावणे, शेजारच्या खाचरात वेगळी जात असणे, जुनी कोळपी किंवा आंबेमोहोर थोड्या गुंठ्यांत तरी राखणे, यामागे नुसती चवीची आठवण नाही. शत्रूला एकच कुलूप सारखे सारखे दाखवले तर त्याची किल्ली लवकर तयार होते.

आणि भाताच्या बाबतीत एक प्राणी आपण विसरतो: माणूस. रानटी भाताचे दाणे पिकले की गळून पडतात, त्याला लांब कुसळे असतात. ऋषिपंचमीला जो देवभात खातात, तो असा. न गळणाऱ्या लोंब्या माणसाने हजारो वर्षे निवडून निवडून लावल्या, आणि भाताने स्वतःहून पसरण्याची शक्ती गमावली. आता तो आपल्याशिवाय जगू शकत नाही. पण आपण नको असलेल्यांनाही घडवतो. छत्तीसगडमध्ये रानभाताला करगा म्हणतात. पिकात करगा ओळखू यावा म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी जांभळ्या पानांचे भात लावले. हिरवे दिसले की उपटायचे, सोपी युक्ती. काही हंगामांत संकर होऊन करग्यालाही जांभळी पाने आली. ज्याला जांभळी पाने नव्हती तो उपटला गेला, ज्याला होती तो वाचला. म्हणजे उपटणाऱ्या हातांनीच त्याला जांभळे केले.

कारवीबद्दल लोक नेहमी विचारतात, तेव्हा तिचेही थोडे. कळसूबाईच्या, कुलंग-मदनच्या उतारांवर कारवी माजलेली तुम्ही पाहता. तिच्या काठ्यांचे कूड घालून, शेणामातीने लिंपून आपल्याकडे भिंती उभ्या राहिल्या. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, डोंगरच्या डोंगर एकदम, आणि मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. इतकी वर्षे थांबून एकदम का फुलायचे? अमेरिकन शास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६ मध्ये बांबूबद्दल याचे उत्तर सुचवले: बी खाणाऱ्यांना आधी उपाशी ठेवायचे, मग एकदम एवढे वाढायचे की त्यांना संपवताच येऊ नये. मधल्या वर्षांत खाणाऱ्यांची संख्या वाढत नाही, आणि बहराच्या वर्षी ती अपुरी पडते. जे झाड चुकून एक वर्ष आधी फुलले, त्याचे बी सगळे फस्त होते. म्हणून सगळ्यांची वेळ एक होत जाते. मला हे स्पष्टीकरण कारवीलाही लागू पडेलसे वाटते. आग्या मोहोळांची त्या वर्षी चंगळ होते, मधही दाट येतो. मिझोराममध्ये मात्र बांबू ४८ वर्षांनी फुलतो तेव्हा उंदरांची अशी पैदास होते की बी संपल्यावर ते भातात शिरतात. १९५९च्या त्या दुष्काळात मदतीसाठी निघालेली एक संघटना पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि १९६६ साली तिने बंड पुकारले. बांबूच्या फुलोऱ्याचा इतका लांबचा परिणाम दुसरीकडे कुठे झालेला मला माहीत नाही.

शेवटी गाजरगवत. १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात त्याची नोंद झाली. आयात गव्हाबरोबर ते पसरले असे मानतात. मेक्सिकोकडे, जिथले ते मूळचे, तिथे त्याला खाणारे किडे पुष्कळ आहेत, म्हणून ते मर्यादेत राहते. इथे ते एकटे आले. त्याचा सगळा झगडा मागे राहिला, त्या झगड्यात कमावलेली हत्यारे मात्र बरोबर आली. आपल्या गुरांना, किड्यांना, आपल्या त्वचेलाही त्या हत्यारांची ओळख नव्हती. रेल्वेच्या कडेने, हायवेच्या कडेने, बाजार समितीच्या आवारात ते कसे फोफावले, हे तुमच्या डोळ्यांपुढे आहे.

मग शास्त्रज्ञांनी त्याचा जुना वैरी आणायचे ठरवले. मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा. १९८४ मध्ये तो बंगळुरूत सोडला. तो पावसाळ्यात जमिनीतून वर येतो, पाने चाळणीसारखी खातो आणि पाऊस सरला की पुन्हा मातीत झोपून राहतो. गाजरगवताला पाणी मिळाले तर ते बारा महिने वाढते, म्हणून एवढ्याने ते नष्ट होत नाही, पण पावसाळ्यात त्याचा जोर मोडतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकातून तक्रार आली की हा भुंगेरा सूर्यफूल खातो आहे. गदारोळ झाला, भुंगेरे सोडणे थांबले, चौकशी बसली. परका किडा आणून पिकात सोडला, आता भोगा, असे लोक म्हणू लागले, आणि तसे म्हणण्यात त्यांची चूकही नव्हती.

१९९३ साली बंगळुरूच्या संशोधकांना उत्तर सापडले. ज्या शेतांच्या कडेला गाजरगवत दाट फुलले होते, तिथले पराग वाऱ्याने उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसत होते. त्या परागांनी भुंगेऱ्याला भूक लागत होती. तो चावत होता ते पान सूर्यफुलाचे होते, पण त्याच्या तोंडाला लागलेली चव गाजरगवताची होती. पुढे भुंगेरे सोडणे पुन्हा सुरू झाले, आणि आता जबलपूरच्या तण संशोधन संस्थेकडून ते पावसाळ्यात पुरवले जातात.